फाटकावरची यादी

(बारामती येथे दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा संपादित मजकूर)



संयोजकांच्या पत्रात विषय होता ‘बदलते कामगार कायदे’. एवढ्या पसाऱ्याला तासाभरात हात घातला तर कशालाच न्याय मिळणार नाही, म्हणून मी त्यातला एकच प्रश्न उचलला आहे. कामाच्या ठिकाणी माणसानं काय केलं म्हणजे ते गैरवर्तन ठरतं? ते कोण ठरवतं, कधी ठरवतं आणि कुठं लिहून ठेवतं? यातला ‘कुठं लिहून ठेवतं’ हा भाग कारकुनी वाटेल. पण माझा जोर त्याच्यावरच राहणार आहे.

ज्यांच्या घरात कुणाला चार्जशीट मिळाली आहे, त्यांना तिची भाषा ठाऊक असते. ‘आपण अमुक तारखेस दुसऱ्या पाळीत काम करीत असताना’ अशी सुरुवात, मग घडलेला प्रकार, आणि त्याखाली कलमांची रांग. जाणूनबुजून आज्ञाभंग, कामात हयगय, आणि सरतेशेवटी ‘शिस्तीस व चांगल्या वर्तनास बाधा आणणारे कोणतेही कृत्य’. प्रकार काहीही असो, हे शेवटचं कलम भाजीवाल्यानं वरून टाकलेल्या कोथिंबिरीसारखं असतंच. आधीचं एकही कलम चौकशीत टिकलं नाही, तरी या कलमावर माणूस घरी बसू शकतो.

आधी गैरवर्तनाची ही यादी आली कुठून ते सांगतो. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी जॉबरचा शब्द हाच नियम होता. तोच कामाला लावायचा आणि तोच काढायचा. 1928 साली गिरण्या जवळजवळ सहा महिने बंद राहिल्या. त्या संपातल्या 17 मागण्यांमागे दरकपात होती, कामवाढ होती, तसाच मालकसंघानं एकतर्फी आणलेल्या स्थायी आदेशांचा, म्हणजे कामाच्या लिखित अटींचा, वादही होता. संप मिटताना नेमलेल्या फॉसेट समितीनं ते आदेश तपासले. गैरवर्तनाच्या यादीवर मालक आणि युनियन यांनी समोरासमोर बसून वाद घालायचा, ही गोष्ट इथपासून रुळली. 1938 च्या मुंबई औद्योगिक विवाद कायद्यानं स्थायी आदेशांना कायद्याचा आधार दिला. पुढं एप्रिल 1946 मध्ये, मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे असताना, औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायदा देशभरासाठी झाला.

त्या कायद्याचा गाभा अगदी सरळ होता. कामाच्या अटी मालकानं लिहून काढायच्या, कामगारांचं म्हणणं ऐकून सरकारी अधिकाऱ्यानं त्या प्रमाणित करायच्या, आणि मग इंग्रजीत व बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत त्या कारखान्याच्या फाटकाजवळ फलकावर लावायच्या. किती कामगारांपासून हा कायदा लागू, याचा केंद्राचा आकडा 100 होता, तो महाराष्ट्रानं 50 वर आणला. शिवाय मालकानं स्वतःचे आदेश प्रमाणित करून घेईपर्यंत सरकारचे आदर्श स्थायी आदेश आपोआप लागू, अशी सोय केली. 1959 च्या मुंबई नियमांतलं 24 क्रमांकाचं कलम म्हणजे ही गैरवर्तनाची यादी. चोरी, लाच, मालाची नासधूस, 10 दिवसांहून जास्त विनापरवाना गैरहजेरी, वारंवार उशिरा येणं असं सगळं तिथं ओळीनं दिलं आहे. साखर कारखान्यांसाठी मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखालचे स्थायी आदेश वेगळे. माळेगाव, सोमेश्वर किंवा भवानीनगरला नोकरी केलेल्यांना ते माहीत आहेत.

फलकावर लावलेली यादी वाचतं कोण, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे, फारसं कुणी वाचत नाही. पण ती तिथं असते, त्यामुळे मालकालाही तिच्याबाहेर जाता येत नाही. हा मुद्दा न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी सर्वोच्च न्यायालयात 1983 आणि 1984 मध्ये फार ठामपणे मांडला. ग्लॅक्सो लॅबोरेटरीजचं प्रकरण अलीगढच्या कारखान्याचं. संपाच्या काळात कामावर जाणाऱ्यांना बाहेर गाठून धमकावलं, असे आरोप होते. कंपनीच्या आदेशात शब्द होते ‘कारखान्याच्या आवारात किंवा लगतच्या परिसरात’. कंपनीचं म्हणणं असं की, काम बिघडवणारं कृत्य कुठंही घडलं तरी ते गैरवर्तनच. न्यायालयानं ते मानलं नाही. जे आधी लिहिलेलं नाही ते घटना घडून गेल्यावर गैरवर्तन म्हणून शोधून काढता येणार नाही, कारण शिक्षा कशाला होते हे माणसाला आधी कळायला हवं. पुढं ए. एल. कालरा यांच्या प्रकरणात याच धर्तीवर निकाल झाला. ‘उच्च नैतिक आचरण ठेवावं’ असं नुसतं लिहिलं म्हणजे गैरवर्तनाची व्याख्या झाली असं होत नाही. उलट सूर लावणारे निकालही आहेत. यादी परिपूर्ण असू शकत नाही, उघड गंभीर कृत्य यादीत नाही म्हणून सोडता येत नाही, असंही न्यायालयांनी म्हटलं आहे. माझा कौल देसाईंच्या बाजूनं आहे.

‘आवार आणि लगतचा परिसर’ हे शब्द वाचले की मला नेहमी इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर आठवतं. वालचंद हिराचंदांनी कळंबच्या माळावर 1930 च्या दशकात साखर कारखाना आणि त्याच्याभोवती गाव वसवलं. पुढं तिथंच रॉकेट आणि अणुभट्ट्यांचे भाग घडवणारा अभियांत्रिकी कारखाना उभा राहिला. क्वार्टर कंपनीची, शाळा कंपनीची, दवाखाना कंपनीचा. अशा गावात लगतचा परिसर संपतो कुठं? बाजारात दोन कामगारांची बाचाबाची झाली तर ती गावातली भांडणं की कारखान्यातलं गैरवर्तन? गणपतीच्या मंडपात सुपरवायझरला कुणी उलट बोललं तर? कंपनीच्या गावात राहणाऱ्या माणसाला कामाच्या वेळेबाहेर निव्वळ रहिवासी म्हणून जगता यावं, एवढ्यासाठी तरी व्याख्येतले शब्द मोजून-मापून वापरायला हवेत.

आता व्याख्या नेमकी असूनही घोळ कसा होतो ते पाहू. कामावर झोपणं हे गैरवर्तन आहे, याबद्दल मालक-कामगार दोघांचंही एकमत असतं. तरी सर्वोच्च न्यायालयात दोन प्रकरणं दोन टोकांना गेली, आणि दोन्ही महाराष्ट्रातली.

पहिलं पुण्याच्या भारत फोर्जचं. 26 ऑगस्ट 1983, पहिली पाळी, सकाळी 11 वाजून 40 मिनिटं. एक हेल्पर कामाच्या जागीच लोखंडी प्लेटवर गाढ झोपलेला सापडला. त्याआधी तीनदा गैरवर्तनाबद्दल त्याला किरकोळ शिक्षा झाल्या होत्या. चौकशी झाली आणि नोकरी गेली. कामगार न्यायालयाला ही शिक्षा जास्त वाटली. प्रकरण पुढं वर-खाली होत राहिलं आणि जानेवारी 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कंपनीची बाजू उचलून धरली. एका डुलकीचा निकाल लागायला 21 वर्षं लागली.

दुसरं कलर-केम या कंपनीचं, 1998 चं. रात्रपाळीत, पहाटे साडेतीनच्या सुमारास, मशीन चालू ठेवून कामगार झोपलेले सापडले आणि बडतर्फ झाले. इथं न्यायालय म्हणालं की शिक्षा धक्कादायक वाटावी इतकी जास्त आहे, आणि अशी शिक्षा देणं ही मालकाचीच अनुचित कामगार प्रथा ठरते. त्याला आधार होता महाराष्ट्राच्या 1971 च्या एमआरटीयू-पीयूएलपी, म्हणजे कामगार संघटनांची मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध, कायद्याचा. त्याच्या चौथ्या अनुसूचीत असंही लिहिलं आहे की किरकोळ वा तांत्रिक स्वरूपाच्या गैरवर्तनासाठी, त्याचं स्वरूप आणि कामगाराचा पूर्वेतिहास न बघता, अवाच्या सवा शिक्षा देता येणार नाही. म्हणजे महाराष्ट्रानं कामगाराच्या गैरवर्तनासमोर मालकाच्या गैरवर्तनाचीही यादी ठेवली. आपल्या राज्याच्या या कायद्याचा मला अभिमान वाटतो, आणि तो पुरेसा शिकवला जात नाही याचं वाईटही वाटतं.

दोन्हीकडे कृत्य एकच. फरक पडला तो दिवस-रात्रीचा, मागच्या नोंदींचा आणि शिक्षेच्या तोलाचा. यादीत ‘कामावर झोपणे’ एवढंच लिहिलं तर यातलं काहीच त्यात येत नाही. आपल्या भागातलं बोलायचं तर नीरा डाव्या कालव्याखालचा शेतकरी मुलगा एमआयडीसीत पहिल्या पाळीला येतो, तो कित्येकदा रात्रभर पाणी देऊन. आवर्तन सुटलेलं असतं, शेतीपंपाची लाईट रात्रीची असते, आणि बारं धरायला घरात दुसरं कुणी नसतं. प्रेसवर हात ठेवून पेंगणं धोक्याचंच आहे, त्याला माफी द्या असं मी म्हणणार नाही. पण आदर्श आदेशांतच म्हटलं आहे की शिक्षा देताना कृत्याचं गांभीर्य, नोकरीतला पूर्वेतिहास आणि परिस्थिती बघावी. ताकीद, दंड, चार दिवसांपर्यंत निलंबन आणि बडतर्फी अशा पायऱ्या मुद्दाम केलेल्या आहेत. माझ्या पाहण्यात एचआरवाल्यांना पहिली आणि शेवटची पायरी तेवढी आठवते.

गैरहजेरीचंही तसंच. आषाढात तुकोबांची पालखी बारामतीवरून इंदापूरकडे जाते, बेलवाडीला रिंगण होतं, त्या दोन दिवसांत कुठल्या शेडमध्ये हजेरी पूर्ण भरते? शहाणा मॅनेजर ती रजा आधीच वेळापत्रकात धरतो. नसला शहाणा, की आषाढ संपताना नोटिसा निघतात.

आता कागद फाटकावरून कुठं गेला त्याकडे येतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता अमलात आल्या. औद्योगिक संबंध संहितेनं 1946 चा कायदा आपल्या पोटात घेतला, आणि स्थायी आदेशांची सक्ती 300 किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनांपुरती ठेवली. महाराष्ट्रात 50 चा आकडा होता हे पुन्हा सांगतो. बारामतीत पियाजिओ, फेरेरो, भारत फोर्ज यांच्यासारखी मोठी नावं आहेत, पण वसाहतीतल्या आतल्या रस्त्यांनी फिरा, लोणी देवकरला जा, भिगवणच्या आजूबाजूला बघा. फॅब्रिकेशन, पॅकिंग, मशीनिंग, दूधप्रक्रिया. 60 जणांची शेड, 120 जणांचं युनिट. या सगळ्यांना आता फाटकावर यादी लावायची सक्ती संहितेत नाही.

मग गैरवर्तनाची व्याख्या कुठं सापडेल? नेमणूकपत्रात. नेमणूकपत्र देणं नव्या व्यवस्थेत बंधनकारक झालं, ही चांगली गोष्ट आहे. पण यादी आणि पत्र यांत मोठा फरक आहे. यादीवर युनियनला हरकत घेता यायची आणि सरकारी अधिकारी तिच्यात दुरुस्ती करायचा. पत्रावर माणूस एकटा सही करतो, तीही नोकरी लागण्याच्या आनंदात, पेढे घेऊन येताना. त्यात एक ओळ असते, ‘कंपनीचे वेळोवेळी लागू होणारे नियम व धोरणे आपणांस बंधनकारक राहतील’. ती धोरणं कुठं आहेत? बहुधा कंपनीच्या सर्व्हरवर, इंग्रजीत. यादी न बघताच यादीवर सही झालेली असते.

सुपरवायझर मंडळींचं तर याहून अवघड आहे. महिना 18,000 रुपयांपेक्षा जास्त वेतन घेणारा पर्यवेक्षक संहितेच्या व्याख्येत कामगारच नाही. चार्जशीटवर ज्याची साक्ष लागते, त्या माणसालाच यादीचं संरक्षण नाही. त्याच्या हाती फक्त करार. ठेकेदाराच्या मुलांबद्दल काय बोलावं? नेमणूक ठेकेदाराची, हुकूम कंपनीचा आणि शिस्त दोघांचीही. त्यांना चार्जशीट सहसा मिळतच नाही. ‘उद्यापासून येऊ नको’ एवढ्यावर भागतं. परराज्यातून आलेल्या मुलांना तर मराठी फलकही उपयोगाचा नव्हता, हे आपण कबूल करायला हवं.

कराराचा आणखी एक प्रकार आहे. संप मिटतो, फाटक उघडतं, पण आत जाण्याआधी प्रत्येकाकडून वेगळं हमीपत्र मागतात, ‘यापुढे चांगले वर्तन ठेवीन’. 2011 मध्ये मानेसरला मारुतीच्या कामगारांकडून मागितलेला ‘गुड कंडक्ट बाँड’ देशभर गाजला. कायदेशीर संपावरून परतणाऱ्याला कामावर घेण्यासाठी असं हमीपत्र अट म्हणून घालणं, हे मघाच्या त्याच चौथ्या अनुसूचीत अनुचित प्रथा म्हणून लिहिलेलं आहे. हे पाठ करून ठेवा.

व्याख्येवर किती पैसे अवलंबून असतात याचं उदाहरण एसटीचं देतो. 1972 च्या ग्रॅच्युइटी कायद्यात नैतिक अधःपतनाच्या गैरवर्तनासाठी ग्रॅच्युइटी जप्त करता येत असे. त्यासाठी फौजदारी खटल्यात शिक्षा झालेली असावी लागते, असं बरेच जण धरून चालले होते. फेब्रुवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या आणि त्यासोबत आलेल्या एसटी कंडक्टरांच्या प्रकरणांत सांगितलं की तशी गरज नाही, खातेचौकशीतला निष्कर्ष पुरतो. तिकिटाच्या पैशांच्या प्रकरणांत न्यायालयानं जप्ती 25 टक्क्यांवर आणली, तेवढाच दिलासा. म्हणजे आता चौकशी अधिकाऱ्याच्या टेबलावरची व्याख्या निवृत्तीच्या पैशांपर्यंत पोचते.

इथवर मी नेमक्या, आखीव व्याख्येची बाजू लढवली. एका ठिकाणी मी पलीकडच्या बाकावर जाऊन बसतो. 1997 चा विशाखा निकाल आणि त्यावरून 2013 चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा. त्यातल्या व्याख्येत पाच प्रकार आहेत, आणि पाचवा आहे ‘लैंगिक स्वरूपाचं इतर कोणतंही नकोसं शारीरिक, शाब्दिक किंवा अशाब्दिक वर्तन’. मी ज्याच्यावर इतका वेळ तोंडसुख घेतलं, तसलंच शेवटचं कलम. तरी ते असायला हवं. चार्जशीटमधलं ‘कोणतेही कृत्य’ ज्याच्या हातात नोकरी आहे त्याला आणखी बळ देतं. हे पाचवं कलम जिच्या हातात काहीच नाही तिला देतं. टेक्स्टाइल पार्कमधल्या शिलाईच्या ओळीत मागून जाताना मुद्दाम घासून जाणारा माणूस कुठल्या आखीव यादीत बसवायचा? आणि त्या व्याख्येला सीमा आहेच: वर्तन लैंगिक हवं, आणि तिला ते नकोसं हवं.

याच कायद्यात मालकानं पुरवलेली वाहतूकसुद्धा कामाचं ठिकाण धरली आहे. इंदापूरहून पाळीसाठी सुटणारी कंपनीची बस त्यात येते. ग्लॅक्सोच्या वेळी आवाराबाहेरचा रस्ता यादीबाहेर राहिला होता. इथं संसदेनं विचार करून, आधी लिहून तो आत घेतला. व्याख्या वाढवायची ती अशी. 10 किंवा अधिक माणसं जिथं कामाला आहेत तिथं अंतर्गत समिती हवीच. त्याहून लहान जागी, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर, जिल्ह्याची स्थानिक समिती. तक्रार करण्याची मुदत तीन महिन्यांची, कारण पटलं तर आणखी तीन. गोवा विद्यापीठाच्या एका प्रकरणात मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या समित्यांच्या दुरवस्थेवर कडक ताशेरे ओढले. आपल्या वसाहतीत किती शेडच्या भिंतींवर समितीच्या सदस्यांची नावं लावलेली आहेत, ते परत जाताना जरा बघा.

हंगामात बारामती-इंदापुरातली कामाची सर्वांत मोठी जागा कुठली? कारखाना नव्हे, उसाचा फड. बीडकडून आलेल्या जोडप्यांनी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, कुठं स्टॅम्पपेपरवर अंगठा असतो. आजारी पडून एक दिवस कोयता थांबला की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. बाईची पाळी असो, बाळंतपण असो, खाडा तो खाडाच. इथं आजारपण हेच गैरवर्तन आहे. चौकशी नाही, नोटीस नाही, अपील नाही. कारखाना म्हणतो ती आमची माणसं नाहीत, मुकादम म्हणतो मीही उचलच फेडतोय. 1928 च्या आधीचा जॉबर आपल्या शिवारात अजून जिवंत आहे. या एकाच विषयावर पुढच्या वर्षीचं व्याख्यान ठेवा, आणि त्याला माझ्यासारखा वकिली बोलणारा नको, फडात काम केलेली बाई बोलवा.

आता मागणी. समोर काही उद्योजकही बसले आहेत. कायद्यानं तुम्हाला यादी लावण्यातून मोकळं केलं असलं, तरी लावू नका असं कुठंही म्हटलेलं नाही. एका पानाची यादी करा. मराठीत आणि हिंदीत, दोन्हीत. प्रत्येक कृत्यापुढं शिक्षेची पायरी लिहा, आणि ‘वारंवार’ म्हणजे किती वेळा तो आकडाही टाका. ‘इतर कोणतेही कृत्य’ हे शेवटचं कलम खोडा. ज्याची भीती वाटते ते कृत्य नाव घेऊन लिहा, तुमचाच पुढचा खटला वाचेल. ठेकेदाराच्या माणसांनाही तीच यादी लावा. युनियनच्या मंडळींनी पुढच्या करारात पगारवाढीबरोबर ही यादी मागणी म्हणून घालावी. आणि बाकीच्या सगळ्यांनी आज घरी गेल्यावर आपलं नेमणूकपत्र काढून शेवटच्या पानापर्यंत वाचावं. ज्या ‘धोरणांवर’ सही केली आहे त्यांची प्रत हाती नसेल, तर ती उद्याच लेखी अर्ज करून मागावी आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी.